चक क्लोज: फोटो हाताशी असताना तोच पुन्हा रंगवायचा कशाला?

तिरपी_रेघ

नमस्कार मंडळी. कलेच्या इतिहासाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम करतेय. या आठवड्यात चक क्लोज हा अमेरिकन चित्रकार होता. त्याचं १९६७-६८ सालचं 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट' दाखवलं. जवळजवळ पावणेतीन मीटर उंच, काळंपांढरं. उघडाबंब माणूस, जाड काडीचा चष्मा, पिंजारलेले केस, तोंडात सिगरेट. मला तो फोटोच वाटला. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हे अॅक्रिलिकमध्ये रंगवलंय, समोर ठेवलेल्या फोटोवरून. झालं, चॅटमध्ये 'बापरे' आणि 'अफाट'चा पाऊस.

मला कळेना, यात एवढं भारी काय? फोटो होताच की. तोच मोठा करून छापला असता तर एका दिवसात काम झालं असतं. यानं चार महिने घालवले. कष्ट कबूल, पण नुसत्या कष्टांना कला म्हणायचं का?

दुसरं म्हणजे त्याची नंतरची चित्रं एकदम वेगळी दिसतात. चौकटीचौकटीत रंगीत गोळे, बदाम, कड्या, आणि लांबून बघितलं की चेहरा. बाई म्हणाल्या, १९८८ मध्ये तो पांगळा झाला म्हणून शैली बदलली. म्हणजे हात चालेना म्हणून नाइलाजानं असं काढू लागला?

चित्रं काढणारं किंवा यातलं जाणणारं कुणी असेल तर समजावून सांगा. विकिपीडियाची लिंक देऊ नका, वाचून झालीय.

बोरूबहाद्दर

ताई, शंका रास्त आहे. हुबेहूब काढणं ही कारागिरी. कारागिरीला माझा नमस्कार, पण चित्रकारानं मला ते दाखवावं जे कॅमेऱ्याला दिसत नाही. हे लोक कॅमेऱ्याचे कारकून. समोरचा कागद उतरवून काढायचा, खाली सही ठोकायची. जाणकार येतीलच मला झोडायला.

निगेटिव्हवाला

झोडायला नाही, पण आलो.

मी चित्रकार नाही. माझी हयात फोटो रिटचिंगमध्ये गेली, संगणक यायच्या आधीच्या. निगेटिव्हवर टोक काढलेली शिसपेन्सिल आणि प्रिंटवर एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणारं हत्यार, एवढ्यावर आमचं पोट. गिऱ्हाईक यायचं ते वांग घालवा, देवीचे व्रण घालवा, डोळ्यांखालचं काळं घालवा म्हणत. आम्ही घालवायचो. क्लोजची चित्रं पहिल्यांदा पुस्तकात पाहिली तेव्हा कलाबिला माझ्या डोक्यातही आली नाही. धक्का बसला तो हत्याराचा. हा गडी आमचंच एअरब्रश घेऊन नेमकं उलट करत होता. आम्ही आयुष्यभर जे पुसलं ते हा पेरत होता. कातडीवरचं एकेक छिद्र, दाढीचा एकेक खुंट, नाकपुडीतला केससुद्धा.

आधी ते कसं केलं ते सांगतो, म्हणजे 'कशाला' आपोआप कळेल.

फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच चौकटी मोठ्या प्रमाणात कॅनव्हासवर आखायच्या. ही युक्ती जुनीच, भिंतीवर चित्रं काढणारे पूर्वापार करत आलेत. कॅनव्हासवर पांढऱ्या गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, थर घासून घासून गुळगुळीत केलेले. त्यावर पाणी घालून पातळ केलेला काळा रंग एअरब्रशनं. पांढरा रंग घ्यायचाच नाही. चित्रात जिथे उजेड दिसतो तिथे गेसो तसाच सोडलेला आहे. फिकट केस हवेत तर काळं आधी मारून मग दाढीच्या पात्यानं खरवडायचे, किंवा विजेच्या ड्रिलला खोडरबर लावून उजळायचे. एअरब्रश ज्यानं धरलाय त्याला विचारा. एक फवारा जास्त पडला की परत घेता येत नाही, आणि इथे तर वरून पांढरा मारून झाकायची वाटही त्यानं स्वतःच बंद केलेली. एवढ्या मोठ्या चेहऱ्याला काळा रंग किती लागला? अगदी थोडका. सगळा खेळ पाण्याचा.

आता 'मोठा करून छापायचा' हा मुद्दा. ताई, निगेटिव्ह वाढवायला लागलं की एका मर्यादेनंतर तपशील वाढत नाही, दाणा वाढतो. नऊ फुटी एन्लार्जमेंटला नाक लावा, तिथे कातडी नसते, नुसती वाळू असते. क्लोजच्या चित्रापाशी जा, तिथे छिद्राच्या कडेची सावली असते. ती कुणीतरी ठरवून ठेवलेली आहे. दोन्ही वस्तू खोलीच्या त्या टोकाहून सारख्या दिसतात आणि हाताच्या अंतरावर अजिबात सारख्या राहत नाहीत.

पण खरी गोम कानात आहे. त्याच्या त्या सुरुवातीच्या डोक्यांचे कान बघा. 'हेड्स'च म्हणायचा तो त्यांना, पोर्ट्रेट म्हणायला नाखूश असे. डोळे, गाल, ओठ लख्ख आणि कान धूसर. पुष्कळदा नाकाचा शेंडाही धूसर. कॅमेरा जवळ आणला आणि भिंगाचं छिद्र मोठं ठेवलं की फोकसची पट्टी अरुंद होते. तिच्या पुढचं आणि मागचं सगळं विरघळतं. माणसाच्या डोळ्याला असं कधी दिसत नाही, कारण कानाकडे बघायला गेलं की डोळा लगेच कान स्पष्ट करतो. म्हणजे क्लोजनं समोरचा माणूस रंगवलाच नाही. त्यानं माणसाचा फोटो ही वस्तू रंगवली, तिच्या खोडींसकट. बोरूबहाद्दर साहेब, कारकून असता तर कान दुरुस्त करून टाकले असते. आमच्या धंद्यातल्या कुणीही केले असते.

आणि हे त्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणून नव्हे. जन्म १९४०, वॉशिंग्टन राज्यातलं मन्रो गाव. येल विद्यापीठातून १९६४ मध्ये एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी. वर्गात रिचर्ड सेरा, ब्राइस मार्डन, नॅन्सी ग्रेव्हज अशी मंडळी. तिथे तो विलेम द कूनिंग या तेव्हाच्या बड्या चित्रकाराच्या वळणाची अमूर्त चित्रं सफाईनं काढायचा. पुढे द कूनिंग भेटला तेव्हा, माझ्यापेक्षा जास्त द कूनिंग काढलेला माणूस एकदाचा भेटला, अशा अर्थाचं काहीतरी क्लोज त्याला म्हणाला होता. विनोद खरा, पण त्यातलं दुखणंही खरं. हाताला सवय लागलेली, आणि ती सवय दुसऱ्याची. म्हणून त्यानं एकेक सोडत नेलं. जाड रंग सोडला, रंगीबेरंगी रंग सोडले, मनात येईल तसा फटकारा सोडला. क्लेमेंट ग्रीनबर्ग या बड्या समीक्षकानं द कूनिंगला सांगितलं होतं म्हणे, की आता चेहरा काढणं शक्य राहिलेलं नाही. क्लोजनं हिशेब केला: छान, मग त्या गल्लीत गर्दी नसणार.

न्यूयॉर्कला तो आला १९६७ मध्ये. त्याआधी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात अॅमहर्स्टला शिकवायचा. तिथे त्यानं लावलेलं प्रदर्शन नग्नचित्रांमुळे विद्यापीठानं मुदतीआधी उतरवलं. हा कोर्टात गेला, खालच्या कोर्टात जिंकला आणि १९७० मध्ये अपिलात हरला. 'क्लोज विरुद्ध लेडर्ले' हा खटला अमेरिकेत कायद्याच्या अभ्यासात अजून येतो. चित्रकाराच्या चरित्रात हे फुकटचं प्रकरण वाटेल, पण स्वभाव कळतो. अडून बसणारा माणूस.

ते पहिलं आत्मचित्र मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरनं १९६९ मध्ये घेतलं, १,३०० डॉलरला. त्याचं मोठं काम संग्रहालयात गेलं ते तिथून.

हात दुखायला लागले. पांगळेपणाच्या प्रश्नावर रात्री लिहितो. त्यातही तुमच्या बाईंनी थोडी सोपी गोष्ट सांगितलीय.

तिरपी_रेघ

काका (काका म्हटलं तर चालेल ना?), कानांचं लक्षातच आलं नव्हतं. आत्ता पुन्हा बघितलं, खरंच धूसर आहेत. आणि डोळ्यांपेक्षा ओठातली सिगरेट जास्त पुढे आलीय असं वाटत राहतं. पण मग फोटोवरून रंगवणारे रिचर्ड एस्टेससारखे बाकीचे लोक? ते सगळे एकच का? आमच्या यादीत एका ओळीत आहेत.

निगेटिव्हवाला

काका चालेल, आजोबाही चाललं असतं.

एका ओळीत बसवलेत खरं, लुई मायझेल या गॅलरीवाल्यानं 'फोटोरिअलिझम' ही पाटी लावली तेव्हापासून. १९७२ च्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा ५' मध्ये ही मंडळी एकत्रही दिसली. पण एस्टेसला दुकानांच्या काचा आणि त्यातली प्रतिबिंबं हवी होती, राल्फ गोइंग्जला गाड्या आणि रस्त्याकडेची हॉटेलं, ऑड्री फ्लॅक स्लाइड प्रोजेक्टर लावून टेबलावरच्या वस्तू रंगवायची. क्लोजला वस्तू नकोच होत्या. पन्नास वर्षं चेहरा, तोही समोरून, आणि बहुतेक मित्रांचा किंवा घरच्यांचा. पाटी त्याला आवडत नव्हती. मलाही ती त्याच्या गळ्यात शोभत नाही असं वाटतं, पण यादीत नाव लिहायला कुठेतरी लिहावंच लागतं.

हडसनकाठी

मी न्यूयॉर्कमध्ये राहते. चित्रांतलं फार कळत नाही, पण क्लोजच्या खालून रोज जाते असं म्हटलं तरी चालेल. सेकंड अॅव्हेन्यूची नवी सबवे १ जानेवारी २०१७ ला सुरू झाली, त्यातल्या ८६ व्या रस्त्याच्या स्टेशनात त्याची बारा मोठी व्यक्तिचित्रं भिंतींवर आहेत. मोझेक आणि सिरॅमिक टाइल्समध्ये. त्यात फिलिप ग्लास, लू रीड, कारा वॉकर, अॅलेक्स कॅट्झ, झांग हुआन आणि दोन तो स्वतः.

तिथे एक गंमत बघायला मिळते. गाडीच्या घाईत असलेले लोक बघतच नाहीत. पण सरकत्या जिन्यावरून वर येताना चेहरा हळूहळू तयार होतो किंवा मोडतो, तुम्ही जवळ येताय की लांब जाताय त्यावर. लहान मुलं भिंतीला अगदी गाल लावून बघतात आणि मग मागे पळतात. एक पोरगा आईला ओरडून सांगत होता की जवळ गेलं की बाई गायब होते.

मला प्रश्न असा पडलाय की हे त्यानं स्वतः तर केलेलं नाही. टाइल्स बसवणारे कारागीर वेगळे. मग याला त्याचं काम म्हणायचं का? निगेटिव्हवाले काका, तुम्ही हाताच्या कामाबद्दल एवढं लिहिलंत म्हणून विचारते.

निगेटिव्हवाला

हडसनकाठी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर रात्रीच्या उत्तरात मिसळूनच देतो, कारण दोन्हींची मुळं एकाच जागी आहेत.

लहानपणी हा मुलगा शाळेत 'ढ' समजला जायचा. आता ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ते होतं. स्नायूंचा त्रास होता, पळता यायचं नाही, मूत्रपिंडाच्या दुखण्यानं बरेच महिने अंथरुणात गेले. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. त्यातच आईला कर्करोग. वडिलांनी त्याला घरी इझल, म्हणजे चित्र टेकवायची घोडी, बनवून दिलं होतं. शाळेत निबंध जमत नाही म्हणून यानं लुइस आणि क्लार्कच्या, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या जुन्या शोधमोहिमेचा लांबलचक नकाशा रंगवून नेला, हे तो नंतरही सांगायचा.

आणि सगळ्यात वर म्हणजे त्याला चेहरे लक्षात राहत नसत. प्रोसोपॅग्नोसिया. कालच भेटलेला माणूस आज ओळखू येत नाही. तो म्हणायचा की समोरच्यानं मान जराशी हलवली तरी त्याला तो नवाच चेहरा होतो, पण सपाट केलेला चेहरा, म्हणजे फोटो, त्याच्या लक्षात राहतो. ताई, तुमच्या 'फोटो होताच की'चं हे आणखी एक उत्तर. त्याला माणूस ओळखीचा व्हायला फोटो लागायचा, आणि तो फोटो चौकटीचौकटीनं हाताखालून घालावा लागायचा. त्याच्या आवडत्या माणसांचेच चेहरे त्यानं का काढले हेही यातून समजतं. पैसे देऊन कुणी म्हटलं माझं पोर्ट्रेट कर, तर करत नसे. चित्रांना नावं पहिलीच: 'फिल', 'नॅन्सी', 'रिचर्ड', 'जो', 'कीथ'. 'फिल' म्हणजे फिलिप ग्लास, संगीतकार. १९६८ मध्ये तो फोटो काढला तेव्हा ग्लास पोटासाठी प्लंबिंगची कामं करायचा. त्या एका फोटोवरून क्लोजनं पुढची कित्येक वर्षं चित्रं केली. एअरब्रशनं, जलरंगात, शाईच्या पॅडवर बोट दाबून ठशांनी, कागदाच्या लगद्याच्या चकत्यांनी. ग्लासनंही २००५ मध्ये पियानोसाठी क्लोजचं 'पोर्ट्रेट' रचून परतफेड केली.

इथे मुद्दा येतो. १९७० नंतर तो रंगात उतरला, पण कसा? छापखान्यात कलर सेपरेशन करतात तसा. रंगीत फोटो किरमिजी, निळसर आणि पिवळा अशा तीन थरांत फोडायचा, आणि कॅनव्हासवर तेच तीन थर एकावर एक फवारायचे. मिश्रण पॅलेटवर नाहीच, थेट गालावर. म्हणजे प्रत्येक चेहरा तीनदा रंगवायचा. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये असलेल्या 'मार्क'ला (१९७८-७९) चौदा महिने लागले. मी ऑफसेटवाल्यांसाठी रिटचिंग केलेलं असल्यामुळे हे वाचून माझे डोळे पांढरे झाले. जे काम फिल्म आणि यंत्रं करतात ते हा हातानं, नजरेच्या अंदाजानं करतोय!

त्याआधी, १९७३-७४ च्या सुमाराला, 'रॉबर्ट' नावाची मालिका. एकच फोटो, कुठे १५४ चौकटींत, तर कुठे थेट १,०४,०७२ चौकटींत. आकडा चित्राच्या नावातच आहे. १५४ मध्येही चेहरा आहे हे बघितलंत की त्याचं डोकं कुठे चाललं होतं ते कळतं. किती कमी माहितीत माणूस ओळखू येतो, आणि माहिती वाढवत नेली की नेमकं काय वाढतं? ज्याला चेहरे ओळखता येत नाहीत त्यानं हे विचारावं!

१९८५ मध्ये 'फॅनी'. त्याच्या बायकोची आजी, नाझींच्या संहारातून तिच्या मोठ्या गोतावळ्यात एकटी वाचलेली. ती साडेआठ फुटी म्हातारी त्यानं स्वतःच्या बोटांना शाई लावून, ठसे दाबून दाबून काढली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माझ्या मते त्यानं केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, आणि यात फोटोची मिजास कमी आणि हाताची जास्त आहे. कुणाचं दुमत असेल तर असो.

मग १९८६-८७ मध्ये 'लुकास'. चौकटी उघड्या, प्रत्येक चौकटीत रंगांचे मोकळे ठिपके आणि वळसे. तारीख नीट बघा, ताई. पांगळेपण आलं ७ डिसेंबर १९८८ ला. शैली आधीच बदललेली होती. 'पक्षाघातामुळे मोकळा झाला' ही गोष्ट ऐकायला गोड आहे, म्हणून पसरते.

त्या दिवशी काय झालं, तर न्यूयॉर्कच्या महापौरांच्या निवासस्थानी, ग्रेसी मॅन्शनमध्ये, एका समारंभात तो पुरस्कार द्यायला गेला होता. छातीत दुखू लागलं. आपलं भाषण लवकर उरकून घेतलं आणि जवळच्या इस्पितळात चालत गेला. काही तासांत मानेखालचं शरीर निपचित. मणक्यातली रक्तवाहिनी बंद पडली होती. पुढचे कित्येक महिने पुनर्वसन केंद्रात. तिथेच कुंचला हाताला पट्ट्यांनी बांधून, खांद्याच्या जोरावर हात हलवत 'अॅलेक्स २' हे छोटं चित्र केलं. नंतर स्टुडिओत जमिनीला फट पाडून मोटारीवर वरखाली होणारं इझल बसवलं. कॅनव्हास फटीत खाली जायचा, म्हणजे व्हीलचेअरवरून वरचा भागही हाताशी यायचा. बोटं पुरती परत आली नाहीत. कुंचला शेवटपर्यंत मनगटाच्या पट्ट्यातच.

मग पांगळेपणानं काहीच बदललं नाही का? बदललं. रंग भडक आणि आनंदी झाले, गोळे मोठे झाले. पण तो पुन्हा उभा राहू शकला तो त्या चौकटींमुळे. मोठं काम अंगावर आलं की लहान तुकडे करायचे आणि आजचा तुकडा आज संपवायचा, ही सवय त्यानं शाळेत 'ढ' असताना लावून घेतली होती. प्रेरणेची वाट बघणं हौशी लोकांनी करावं, आम्ही आपलं कामावर हजर व्हायचं, असं त्याचं मत प्रसिद्ध आहे. इझलसमोर व्हीलचेअर लावणाऱ्या माणसाच्या तोंडी ते निदान फुशारकीचं वाटत नाही.

हडसनकाठी, आता तुमच्या टाइल्स. चौकटीत काय भरायचं ते ठरलं की भरणारा हात कुणाचाही चालतो, हे त्याच्या पद्धतीतच आहे. जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांची छापचित्रं, यंत्रमागावरची पडदेचित्रं, सगळीकडे दुसऱ्या कारागिरांचे हात आहेत, आणि तो ते लपवत नसे. मी रिटचिंगवाला, माझी सही कुठल्याच फोटोखाली नाही. त्यामुळे याबाबतीत मी जरा उदार आहे.

काटकोन

काकांचं लिखाण सुंदर आहे, पण एक गोष्ट धाग्यात आलीच नाही, म्हणून लिहिते. डिसेंबर २०१७ मध्ये अनेक स्त्रियांनी क्लोजवर आरोप केले. मॉडेल म्हणून स्टुडिओत बोलावून कपडे काढायला सांगणं, शरीरावर अश्लील शेरे मारणं. त्यांच्यापैकी काही तरुण चित्रकार होत्या, एवढ्या मोठ्या माणसानं बोलावलं म्हणून आनंदानं गेलेल्या. त्यानं काही आरोप नाकारले, आणि कुणाला अवघडल्यासारखं झालं असेल तर माफी मागतो असंही म्हटलं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीनं २०१८ च्या मे महिन्यात ठरलेलं त्याचं प्रदर्शन बेमुदत पुढे ढकललं. सिएटल विद्यापीठानं त्याचं आत्मचित्र भिंतीवरून उतरवलं. फिलाडेल्फियाच्या ललित कला अकादमीनं मात्र चालू प्रदर्शन ठेवलं आणि त्यावर चर्चा घडवली.

२०१५ मध्ये त्याला फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं निदान झालं होतं, त्यात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटतो. हे लोक लगेच सांगतात. पण ज्या घटना सांगितल्या गेल्या त्या २००५ पासूनच्या आहेत.

चेहऱ्यांबद्दल एवढं बोलतोय आपण, तर ज्या बायकांना त्यानं चेहरा म्हणून बोलावलं आणि शरीर म्हणून वागवलं, त्यांचंही नाव निघावं.

बोरूबहाद्दर

काटकोन, बरोबर. आमचं उतारवयाचं मंडळ असल्या गोष्टी 'खासगी' म्हणून सोडून देतं. ती सवय वाईट.

काका, कानांचा मुद्दा मान्य. कारकून हा शब्द मागे घेतो. एस्टेसबद्दल मात्र कायम.

निगेटिव्हवाला

काटकोन, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्याकडे त्याला उत्तर नाही आणि द्यायचंही नाही. डिमेन्शियाची ढाल मी पुढे करणार नाही, तुम्ही दिलेल्या तारखा पुरेशा आहेत. स्टुडिओत कॅमेऱ्यासमोर बसणारा माणूस किती उघडा असतो ते आमच्या धंद्यातल्यांना चांगलं ठाऊक असतं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून मान डावीकडे, हनुवटी खाली असं सांगताना समोरचा माणूस सगळा ताबा तुमच्याकडे देऊन टाकतो. त्याचा गैरफायदा घेणारे फोटोग्राफर मी पाहिलेत, आणि त्यांचे फोटो चांगले असायचे. माझ्यापुरतं, 'फॅनी' मी अजून बघतो. उत्तरार्धातली ती मोठी नग्न छायाचित्रं मात्र बघवत नाहीत आता.

१९ ऑगस्ट २०२१ ला तो गेला, ८१ व्या वर्षी. मृत्युलेखांत दोन्ही गोष्टी होत्या, आणि तसंच व्हायला हवं होतं.

तिरपी_रेघ

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. मला यावर दीडेक पानी टिपण द्यायचंय. सगळं घेता येणार नाही. एकच कलाकृती निवडायची तर कुठली घेऊ? 'बिग सेल्फ-पोर्ट्रेट' सगळेच घेणार.

निगेटिव्हवाला

'फॅनी' सुचवणार होतो, पण तीवर लिहायला गेलात की तिच्या आयुष्याबद्दल लिहाल आणि चित्र राहून जाईल. त्यापेक्षा १९७२ चं 'कीथ', ते मेझोटिंट छापचित्र घ्या. चित्र म्हणून ते 'फॅनी'च्या जवळपासही नाही. तरी घ्या.

मेझोटिंट म्हणजे तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करायचा, तसाच छापला तर पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करत जायचं. अंधारातून उजेड काढायचा, म्हणजे त्याच्या एअरब्रशच्या अगदी उलट. या पद्धतीला तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या पत्र्यावर तर कुणी जाईना. कॅलिफोर्नियातल्या क्राउन पॉइंट प्रेस या छापचित्रांच्या कारखान्यात, तो चालवणाऱ्या कॅथन ब्राउनबरोबर त्यानं ते केलं.

सुरुवात केली तोंडाच्या भागापासून. नवीन काम, म्हणून जमतंय का ते बघायला पुन्हा पुन्हा छापून बघितलं. प्रत्येक वेळी पत्रा प्रेसखालून गेला की तिथला खरखरीतपणा थोडा झिजायचा. शेवटी पूर्ण चेहरा झाला तेव्हा ओठांभोवतीचा भाग बाकीच्यापेक्षा फिकट पडलेला होता. आणि एरवी चित्र पुरं झालं की दिसेनाशा होणाऱ्या त्या चौकटी इथे चेहराभर स्पष्ट दिसत होत्या. मोठ्या आकाराची प्रतिमा मिळवा, ओठांकडे आणि मग कपाळाकडे बघा, फरक लगेच दिसेल. रिटचिंगला आला असता तर तो पत्रा आम्ही परत पाठवला असता. त्यानं तसाच छापला, आणि त्यानंतर चौकटी झाकायचं हळूहळू बंद केलं. 'रॉबर्ट' तिथून निघतो, 'लुकास' तिथून निघतो, हडसनकाठींच्या टाइल्ससुद्धा. दीड पानात हे बसेल. जन्मगाव आणि पुरस्कार एका ओळीत उरका.